आनंदभवनाची ज्येष्ठ कन्या

थोर पुरुषाच्या घरी जन्म येणे हे भाग्य खरे. परंतु त्या भाग्याबरोबर एक भारही येतो. जग अशा अपत्याकडे प्रथम पाहते ते त्याच्या पित्याच्या नावामुळे. स्वतःचे नाव मात्र त्याला स्वतःच मिळवावे लागते. पंडित मोतीलाल नेहरू यांची ज्येष्ठ कन्या आणि पंडित जवाहरलाल नेहरू यांची भगिनी विजयालक्ष्मी पंडित यांनी ते कसे मिळविले, त्याची ही हकीकत आहे.

विजयालक्ष्मीबाईंचा जन्म १८ ऑगस्ट १९०० रोजी अलाहाबाद येथे झाला. त्यांचे माहेरचे नाव स्वरूप. जवाहरलाल त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठे होते, तर धाकटी बहीण कृष्णा सात वर्षांनी लहान. मोतीलालजी हे त्या काळी अलाहाबादच्या उच्च न्यायालयातील अग्रगण्य वकील. त्यांच्याकडे पैशाचा ओघ अखंड चालू असे, आणि खर्चही त्याच मानाने होई. आनंदभवन या त्यांच्या निवासस्थानात प्रशस्त दालने होती, बाग होती, घोडे होते, पोहण्यासाठी तलावही होता. पाहुण्यांचा राबता तर सदैव असावयाचा. मुलींची देखभाल करण्यासाठी आणि त्यांना शिकविण्यासाठी एक इंग्रज बाई ठेवलेल्या होत्या. घरात सर्वजण लहानग्या स्वरूपला लाडाने नान म्हणत, आणि हे नाव जवळच्या माणसांच्या तोंडी अखेरपर्यंत राहिले.

एवढ्या श्रीमंत घरातील ही मुलगी कधी शाळेत गेली नाही, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. तिचे सारे शिक्षण घरीच झाले. इंग्रजी, हिंदी व उर्दू या भाषा ती घरी शिकली, घोड्यावर बसण्यास शिकली. परंतु कोणतीही परीक्षा तिने दिली नाही, कोणतीही पदवी तिच्या नावापुढे लागली नाही. पुढे ज्या बाईंनी जगातील नाणावलेल्या मुत्सद्द्यांशी बरोबरीने वाद केला, त्यांची पाठशाळा म्हणजे वडिलांचे ग्रंथालय आणि दिवाणखान्यात चालणाऱ्या चर्चा हीच होती.

१९१९ साली अमृतसरच्या जालियनवाला बागेत निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला आणि देशाचे मन पेटून उठले. त्या वर्षी अमृतसर येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष मोतीलालजी होते. पुढच्याच वर्षी गांधीजींनी असहकाराची हाक दिली. मोतीलालजींनी आपली भरभराटीची वकिली सोडली. विलायती कापडाचे ढीग जळले, घरातील थाटमाट ओसरला, आणि ज्या घरात रेशमाखेरीज बोलणे नसे, तेथे खादी आली. स्वरूप त्या वेळी वीस वर्षांची होती. घराचे हे पालटणे तिने डोळ्यांनी पाहिले, इतकेच नव्हे, तर अंगावर घेतले. मे १९२१ मध्ये तिचा विवाह झाला, तो खादीची साडी नेसून.

वर होते बॅरिस्टर रणजित सीताराम पंडित. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील बांबुळी गावचे. परंतु काठेवाडात राजकोट येथे स्थायिक झालेले. रणजितराव ऑक्सफर्ड येथे शिकलेले असून संस्कृतचे गाढे पंडित होते. काश्मीरचा प्राचीन इतिहास सांगणाऱ्या कल्हणाच्या राजतरंगिणीचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले, तेही बहुतांशी तुरुंगाच्या कोठडीत बसून. १९३५ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. विवाहानंतर सुनेचे नाव बदलण्याची जी महाराष्ट्रीय रीत आहे, तिला अनुसरून स्वरूपची विजयालक्ष्मी झाली. जगाने त्यांना पुढे ज्या नावाने ओळखले, ते असे मराठी सासरचे देणे होय. या दांपत्याला चंद्रलेखा, नयनतारा व रीता अशा तीन मुली झाल्या. त्यांपैकी नयनतारा पुढे इंग्रजी लेखिका म्हणून प्रसिद्धीस आल्या.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला आणि सारे नेहरू कुटुंब चळवळीत उतरले. मोतीलालजींनी आपले जुने आनंदभवन राष्ट्राला अर्पण केले. त्याला स्वराज्यभवन असे नाव मिळाले. त्याच आवारातील नव्या, लहान वास्तूत कुटुंब राहू लागले. परंतु तुरुंगवासाने मोतीलालजींची प्रकृती खालावली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. वडिलांचे छत्र गेल्याला एक वर्षही लोटले नाही, तोच जानेवारी १९३२ मध्ये विजयालक्ष्मीबाईंना व त्यांच्या धाकट्या बहिणीला अटक होऊन एक वर्षाची शिक्षा झाली. पतीही कारागृहात. तिन्ही मुली लहान. धाकटी रीता तर अवघी अडीच-तीन वर्षांची. मुलींची सोय पुण्यातील एका निवासी शाळेत करण्यात आली. जवाहरलालांची कन्या इंदिराही तेथेच शिकत होती. आपल्या लहान बहिणींकडे तीच लक्ष देई. देशकार्य म्हटले की मिरवणुका आणि जयघोष आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु आईवाचून काढलेल्या मुलांच्या रात्री आणि मुलांवाचून काढलेल्या आईच्या रात्री या कोठे नोंदल्या जात नाहीत.

सुटकेनंतर त्यांनी लोकसेवेचे काम अगदी तळापासून आरंभिले. अलाहाबादच्या नगरपालिकेवर त्या निवडून आल्या आणि तिच्या शिक्षण समितीचे काम पाहू लागल्या. १९३७ साली प्रांतांना मर्यादित स्वायत्तता मिळून निवडणुका झाल्या, तेव्हा कानपूर जिल्ह्यातील ग्रामीण मतदारसंघातून त्या संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर गेल्या. पंडित गोविंदवल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे स्थानिक स्वराज्य व सार्वजनिक आरोग्य ही खाती आली. भारतात मंत्रिपद मिळविणारी ही पहिली स्त्री. पाणीपुरवठा, स्वच्छता, साथीचे रोग, दवाखाने, नगरपालिकांचे तंटे असे रुक्ष कामकाज त्यांच्यापुढे येई. आनंदभवनात वाढलेल्या बाईंना हे जमेल काय, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. त्यांनी कागदपत्र बारकाईने वाचण्याची व जागेवर जाऊन पाहण्याची सवय लावून घेतली आणि शंका घेणारांना कामानेच उत्तर दिले. १९३९ साली भारतीयांना न विचारताच सरकारने हिंदुस्थानला महायुद्धात ओढले, तेव्हा काँग्रेसच्या सर्व मंत्र्यांनी अधिकारपदे सोडली. विजयालक्ष्मीबाईही मंत्रालयातून बाहेर पडल्या आणि वैयक्तिक सत्याग्रह करून १९४० च्या अखेरीस पुन्हा तुरुंगात गेल्या.

यानंतरचा प्रसंग आपल्या वर्धा शहराशी निगडित आहे. जुलै १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीची बैठक वर्धा येथे भरली. गांधीजींचे वास्तव्य तेव्हा जवळच सेवाग्रामात होते. १४ जुलै रोजी ब्रिटिश सत्तेने हिंदुस्थानातून निघून जावे, असा ठराव त्या बैठकीत मंजूर झाला. ८ ऑगस्ट रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून धरपकड सुरू झाली. जवाहरलालांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेण्यात आले. अलाहाबादेत विद्यार्थ्यांच्या मिरवणुकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १२ ऑगस्टच्या पहाटे, सारे नगर झोपेत असता, पोलिसांनी आनंदभवनाचे दार ठोठावले. विजयालक्ष्मीबाईंनी मुलींचा निरोप घेतला आणि त्या नैनीच्या कारागृहाकडे निघाल्या. हा त्यांचा तिसरा कारावास. थोड्याच दिवसांत चंद्रलेखा आणि इंदिरा यांनाही त्याच तुरुंगात आणण्यात आले. ज्या कारागृहात आई, त्यातच लेक, असा तो काळ होता.

१९४३ साली त्या सुटल्या, तेव्हा बंगाल दुष्काळाने होरपळत होता. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे अन्नावाचून मरून पडत होती. विजयालक्ष्मीबाई तेथे गेल्या आणि निराधार मुलांच्या मदतीसाठी काम करू लागल्या. याच सुमारास बरेलीच्या तुरुंगात रणजितरावांची प्रकृती ढासळली. त्यांना सोडण्यात आले खरे. परंतु फार उशीर झाला होता. १४ जानेवारी १९४४ रोजी लखनौ येथे त्यांचा अंत झाला. त्या वेळी दोन थोरल्या मुली शिक्षणासाठी सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत होत्या, आणि भाऊ अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होता.

दुःखाच्या पाठोपाठ दुसरा आघात आला. रणजितरावांनी मृत्युपत्र केले नव्हते आणि त्यांना मुलगा नव्हता. तेव्हाच्या हिंदू कायद्यात स्त्रियांचे वारसाहक्क अतिशय तोकडे होते. त्यामुळे पतीच्या मालमत्तेवर त्या व त्यांच्या मुली यांचा हक्क चालू शकला नाही. एके काळी देशातील अत्यंत धनवान वकिलाची ही लाडकी लेक, स्वतः मंत्रिपद भूषविलेली. परंतु कायद्याच्या दृष्टीने केवळ एक मुलगा नसलेली विधवा! अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा या नात्याने स्त्रियांच्या हक्कांविषयी त्या पूर्वी बोलत आल्या होत्या. आता तो अन्याय त्यांच्या स्वतःच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. या एका घरात जे घडले, ते देशातील लक्षावधी घरांत मुकाट्याने घडत होते. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा झाला आणि विधवेला व मुलीला वारसा मिळू लागला. २००५ साली त्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही मुलीला मुलासारखाच वाटा मिळाला. आज तुमच्या वर्गातील मुलींना जो हक्क जन्मतःच आहे, तो यांच्या मुलींना नव्हता, हे विसरू नये.

शोक करीत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १९४४ च्या अखेरीस त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथील गावोगावी भाषणे देऊन हिंदुस्थानची बाजू मांडू लागल्या. १९४५ च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्को येथे पन्नास राष्ट्रांचे प्रतिनिधी संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार करण्यासाठी जमले. हिंदुस्थानतर्फे आलेले प्रतिनिधी ब्रिटिश सरकारने निवडलेले होते. विजयालक्ष्मीबाईंना परिषदेत आसन नव्हते. त्यांनी बाहेर सभा घेतल्या, वृत्तपत्रकारांना भेटून निवेदने दिली आणि सांगितले, की आत बसलेली ही मंडळी भारतीय जनतेने पाठविलेली नाहीत; भारताचे खरे पुढारी तुरुंगात आहेत. सभागृहाबाहेर उभी असलेली ही एकटी बाई आत बसलेल्यांपेक्षा अधिक ऐकली गेली.

अवघ्या दीड वर्षाने चित्र पालटले. सप्टेंबर १९४६ मध्ये जवाहरलालांच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार आले आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मीबाईंकडे सोपविण्यात आले. भारताची एक मोठी तक्रार होती. दक्षिण आफ्रिकेतील सरकारने त्याच वर्षी एक कायदा करून भारतीयांनी जमीन कोठे घ्यावी, राहावे कोठे, यावर अपमानकारक बंधने घातली होती. हीच ती भूमी, जेथे गांधीजींनी सत्याग्रहाचे शस्त्र प्रथम उचलले होते. आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान होते तेच फील्ड मार्शल स्मट्स, ज्यांच्याशी गांधीजींनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लढा दिला होता. स्मट्स हे जगन्मान्य सेनानी आणि मुत्सद्दी. राष्ट्रसंघाच्या सनदेच्या प्रस्तावनेला आकार देण्यातही त्यांचा हात होता. त्यांच्यापुढे उभी होती एका अद्याप परतंत्र असलेल्या देशाची, कधी शाळेत न गेलेली प्रतिनिधी.

निघण्यापूर्वी विजयालक्ष्मीबाईंनी गांधीजींचा सल्ला घेतला होता. कार्य कितीही न्याय्य असले, तरी प्रतिपक्षाविषयी कटुता धरू नये, स्मट्स यांच्याशी आदराने वागावे, असे त्यांना सांगण्यात आले होते. दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे असे, की हा आमचा घरगुती प्रश्न आहे. त्यात राष्ट्रसंघाने पडू नये. विजयालक्ष्मीबाईंनी प्रतिपादन केले, की मनुष्याच्या कातडीचा रंग पाहून त्याचे हक्क हिरावले जात असतील, तर तो कोणत्याही एका देशाचा घरगुती प्रश्न राहत नाही. ब्रिटन व अमेरिकेसह अनेक बलाढ्य राष्ट्रे भारताच्या ठरावाच्या विरुद्ध होती. चर्चा दिवसेंदिवस लांबत गेली. अखेर ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले. ठराव मंजूर होण्यास दोन तृतीयांश मते हवी होती. ठरावाच्या बाजूने ३२, विरुद्ध १५ मते पडली आणि ७ राष्ट्रे तटस्थ राहिली. तुम्ही हिशेब करून पाहा : बाजूच्या ३२ मतांपैकी एक जरी मत विरुद्ध गेले असते, तरी ठराव कोसळला असता. भारत अद्याप स्वतंत्रही झाला नव्हता. परंतु जगाच्या चावडीवर त्याने आपला पहिला विजय मिळविला होता.

यानंतर जे घडले, ते त्या विजयापेक्षाही लक्षात ठेवण्यासारखे आहे. अभिनंदनाचा गलबला चालू असता विजयालक्ष्मीबाई आपल्या आसनावरून उठल्या आणि पराभूत झालेल्या स्मट्स यांच्याकडे गेल्या. वादाच्या भरात गांधीजींनी घालून दिलेल्या मर्यादेचा आपल्याकडून भंग झाला असल्यास क्षमा असावी, अशी त्यांनी विनंती केली. वृद्ध सेनानीने त्यांचा हात हाती घेतला. लढाई जिंकणारे पुष्कळ असतात. जिंकल्यावर प्रतिपक्षाजवळ जाऊन नम्र होणारे थोडे.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्या वाट्याला एकामागून एक मोठी पदे आली. १९४७ मध्ये रशियात, तर १९४९ मध्ये अमेरिकेत त्या भारताच्या राजदूत झाल्या. १९५१ साली देशात अन्नधान्याची तीव्र टंचाई असता अमेरिकेकडून वीस लाख टन गव्हासाठी कर्ज मिळाले. त्या खटपटीचा मोठा भार त्यांच्यावर पडला. १९५२ साली लखनौहून त्या लोकसभेवर निवडून आल्या. आणि सप्टेंबर १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने त्यांना आपल्या अध्यक्षपदी निवडले. तोवर त्या आसनावर एकही स्त्री बसली नव्हती. साठ राष्ट्रांची ती सभा होती. ज्या संस्थेच्या जन्मकाळी त्यांना दाराबाहेर उभे राहावे लागले होते, तिच्याच व्यासपीठावरून त्या आता वादविवादाचे नियमन करू लागल्या. दुसरी स्त्री त्या जागी येण्यास आणखी सोळा वर्षे लागली. १९५४ ते १९६१ या काळात त्या लंडन येथे भारताच्या उच्चायुक्त होत्या.

भाऊ पंतप्रधान म्हणून बहिणीला ही पदे मिळाली, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई. लोकशाहीत असा प्रश्न विचारणे गैर नाही. त्याचे उत्तर मात्र व्यक्तीच्या कार्यात शोधावे लागते. विजयालक्ष्मीबाई मंत्री झाल्या, तेव्हा त्यांचा भाऊ कोणत्याही सरकारी पदावर नव्हता; आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सभा त्यांनी गाजविल्या, तेव्हा तो तुरुंगात होता.

नोव्हेंबर १९६२ मध्ये त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. संयुक्त महाराष्ट्र अस्तित्वात येऊन त्या वेळी अडीचच वर्षे झाली होती. चीनच्या आक्रमणामुळे देश हादरला होता, आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून नुकतेच दिल्लीस गेले होते. सासरच्या भूमीत त्या प्रथम नागरिक म्हणून आल्या. २७ मे १९६४ रोजी जवाहरलालांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी राज्यपालपद सोडले आणि भावाच्या फुलपूर मतदारसंघातून त्या लोकसभेवर निवडून आल्या. १९६८ साली खासदारपदाचा राजीनामा देऊन त्या डेहराडूनला जाऊन राहिल्या.

आता उरलेले दिवस हिमालयाच्या पायथ्याशी शांतपणे जातील, असे वाटत होते. परंतु जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी पुकारली गेली. विरोधी पुढारी तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर बंधने आली. पंतप्रधान होत्या त्यांच्या भावाची कन्या इंदिरा गांधी. तीच इंदिरा, जी पुण्याच्या शाळेत त्यांच्या मुलींना सांभाळीत असे आणि नैनीच्या तुरुंगात त्यांच्यासमवेत होती. १९७७ च्या आरंभी निवडणुका जाहीर होताच शहात्तर वर्षांच्या विजयालक्ष्मीबाई डेहराडूनहून निघाल्या आणि आणीबाणीच्या विरुद्ध उघड प्रचार करू लागल्या. घरच्या माणसाविरुद्ध बोलताना त्यांच्या मनाला किती यातना झाल्या असतील! परक्यांच्या अन्यायाविरुद्ध लढणे एक वेळ सोपे असते. ज्या तत्त्वासाठी तीनदा कारावास भोगला, ते आपल्याच माणसाकडून दुखावले जात असता गप्प बसावयाचे की नाही, हा प्रश्न त्याहून कठीण. त्यांनी गप्प न बसण्याचे ठरविले. त्या निवडणुकीत सत्तापालट झाला. विजयालक्ष्मीबाईंनी स्वतःसाठी मंत्रिपद घेतले नाही. पुढे राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आणि १९७९ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

१ डिसेंबर १९९० रोजी डेहराडून येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांच्या कारावासातून मुक्त झाले होते. दक्षिण आफ्रिकेतील ज्या वर्णभेदाविरुद्ध विजयालक्ष्मीबाईंनी १९४६ साली जगापुढे पहिली फिर्याद मांडली, तो कोसळू लागलेला पाहूनच त्यांनी डोळे मिटले.

पित्याचे जुने घर राष्ट्राला दिले गेले होते. पतीच्या मालमत्तेवर कायद्याने हक्क लागू दिला नाही. भावाचे मोठेपण त्याच्याबरोबर गेले. तरीही विजयालक्ष्मीबाईंपाशी एक वारसा अखेरपर्यंत राहिला. जे न्याय्य वाटते त्यासाठी सुखाचे घर सोडावे, ही मोतीलालजींची शिकवण हाच तो वारसा होय. तो मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही. जो उचलील त्याचा तो होतो.

अभ्यास

१. आनंदभवनातील जीवनात असहकाराच्या चळवळीमुळे कोणता पालट झाला?
२. पतीच्या निधनानंतर विजयालक्ष्मीबाईंना कोणत्या अन्यायास तोंड द्यावे लागले? पुढे कायद्यात कोणते बदल झाले?
३. १९४५ साली सभागृहाबाहेर आणि १९५३ साली व्यासपीठावर : या दोन प्रसंगांची तुलना करा.
४. मतदान जिंकल्यावर विजयालक्ष्मीबाई स्मट्स यांच्याकडे का गेल्या? तुम्हांस त्याविषयी काय वाटते?
५. आपल्या माणसाची चूक दाखविणे कठीण का असते? १९७७ च्या प्रसंगाच्या आधारे दहा ओळी लिहा.